कमानीवर नाव आले, हातातले मत गेले

औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठ प्रवेशद्वाराशी दर वर्षी १४ जानेवारीला जनसागर लोटतो. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभले. त्यासाठी सोळा वर्षे झगडलेल्यांचा आनंद रास्तच होता. परंतु त्याच १९९४ साली नव्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष निवडणुका संपुष्टात आणल्या, ही गोष्ट या उत्सवात क्वचितच कोणाला आठवते.

या आवाराचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. निजामी राजवटीत मराठवाड्यातील तरुणाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा, तोही उर्दू माध्यमाचा, आधार होता. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभारले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि ज्यांच्या घराण्यात अक्षरओळख नव्हती अशांची मुले पदवीच्या वर्गात येऊन बसली.

ही मुले गप्प बसणारी नव्हती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते. वसमतच्या गोळीबारात त्यांचे रक्त सांडले. अनुशेष, रोजगार, शेती हे प्रश्न आवारातून रस्त्यावर आले. मात्र २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत करताच हीच विद्यार्थी चळवळ दुभंगली. मराठवाड्यातील दलित वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांची हत्या झाली. कालपर्यंत विकासाच्या घोषणा देणाऱ्यांपैकी अनेक जण नामांतराच्या विरोधात उभे राहिले. हे अपयश पुरोगाम्यांनी झाकून ठेवू नये. निवडणूक झाली म्हणजे जात मरते, असे कोणी मानण्याचे कारण नाही.

परंतु या अपयशावर शासनाने शोधलेला उपाय कोणता? मतदान रद्द करून प्रत्येक वर्गातील सर्वाधिक गुण मिळविणाऱ्याला प्रतिनिधी नेमणे! क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना यांतील प्रतिनिधी प्राचार्यांनी नियुक्त करायचे आणि मग या मंडळींनी आपल्यातून सचिव निवडायचा. गुणपत्रिका हीच प्रतिनिधित्वाची सनद ठरली. ज्या बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात मताची जागा गुणांनी घ्यावी, याहून क्रूर विसंगती कोणती?

निवडणुकांत हिंसा होते, असे समर्थन केले जाते. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली, हे सत्य आहे. पण विधानसभेच्या निवडणुकीत डोकी फुटली म्हणून विधानसभेवर गुणवंतांची नेमणूक करा, असे कोणता मंत्री म्हणेल? मतदानाचे वय १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८८ चीच. ज्याला खासदार निवडण्याची अक्कल आहे, त्याला वसतिगृहाच्या प्रश्नांवर बोलणारा प्रतिनिधी निवडण्याची नाही काय? २००६ मध्ये लिंगडोह समितीने खर्चावर मर्यादा घालून निवडणुकांची चौकट आखून दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली. हिंसेचे निमित्त तेव्हाच संपावयास हवे होते.

महाराष्ट्राने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद केली खरी. २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, आणि विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. त्यानंतरचीही काही वर्षे मतपेटीविनाच सरली. दरम्यान कायम विनाअनुदान धोरणाने शुल्क वाढले, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी वर्ग चालविले, शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येईना. याचा जाब कोण विचारणार? ज्याला कोणी निवडून दिलेले नाही, तो कोणाच्या बळावर कुलगुरूंच्या दालनात शिरेल?

सत्ताधारी बदलले, पण विद्यार्थ्याच्या मताची भीती प्रत्येकाला सारखीच वाटली. विद्यार्थी आघाडीतील कार्यकर्त्यांनी १४ जानेवारीला अभिवादनासाठी अवश्य जावे; मात्र परतताना प्रत्येक महाविद्यालयात निवडणुकीच्या मागणीचे निवेदन द्यावे, सह्या गोळा कराव्यात. आणि त्या सह्या वसतिगृहातील खोल्यांप्रमाणेच गावातून एस. टी.ने ये-जा करणाऱ्या मुलींच्याही असाव्यात. १९७४ ची एकजूट १९७८ मध्ये का तुटली, याचे उत्तर त्या सह्या गोळा करतानाच शोधावे लागेल.