चालता संगणक मोडीत का काढावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार काढून घेतला. तिच्या जागी आलेल्या ‘विंडोज ११’च्या अटी अशा आहेत की, २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यांत बसतच नाहीत. त्या दिवशी एकाही यंत्राचा एकही भाग झिजला नव्हता. तरीही कालपर्यंतची चालती यंत्रे ‘कालबाह्य’ ठरली. ती मोडीत काढून नवी घ्यावीत, असा सल्ला शाळांना आणि ग्रामपंचायतींना मिळणे मग ओघानेच आले. डहाणू-तलासरीसारख्या आदिवासी तालुक्यांनी तो निमूटपणे मानावा काय?

प्रथम हिशेबाचा घोळ दूर केला पाहिजे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. ही तरतूद घसाऱ्याच्या आकारणीसाठी आहे. वहीतील किंमत शून्यावर आली म्हणजे वस्तूचा उपयोग संपला, असे अर्थशास्त्र कोठेही सांगत नाही. आश्रमशाळेतील मुलीला मराठी टंकलेखन आणि हिशेबाचे तक्ते शिकावयाचे असतात. दहा वर्षांचे सुस्थितीतील यंत्र तेवढे काम आजही करते.

वस्तू टिकली तर विक्री घटते, हे भांडवलदारांना फार पूर्वीच उमगले आहे. १९२४ साली जिनिव्हात जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि अधिक टिकाऊ दिवे करणाऱ्या सभासदांना दंड केला. आज तसा कट शोधण्याचे कारण नाही. हितसंबंध तोच आहे, एवढे ओळखले तरी पुरे.

यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. ज्या यंत्रावर दाखले निघतात, बँकेचे व्यवहार होतात, ते निराधार प्रणालीवर इंटरनेटला जोडणे हा बेजबाबदारपणाच होय. परंतु बदलावयाची आहे ती प्रणाली, यंत्र नव्हे! केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग पूर्वीच पत्करला असून लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली त्या वापरतात. जे केरळला साधले, ते महाराष्ट्राला का साधू नये?

जुने ते सारे जपावे, असाही आग्रह नाही. संथ हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, मेमरी चारवरून आठ जीबी करावी. नव्या यंत्राच्या किमतीच्या थोड्याच भागात हे होते. पिक्चर ट्यूबचे अवजड मॉनिटर मात्र काढलेच पाहिजेत. ते वीज अधिक खातात आणि त्यांच्या काचेत शिसे असते. त्यांची रवानगी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच व्हावी. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केलेल्या डहाणू तालुक्यात तरी भंगारवाल्याने उघड्यावर वायरी जाळून तांबे काढावे, हे कदापि खपवून घेता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे तीन मागण्या लावून धराव्यात. तपासणी झाल्याखेरीज एकही संगणक मोडीत काढू नये. नव्या खरेदीपूर्वी दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज ग्रामसभेपुढे ठेवावा. आणि दुरुस्तीचे शिक्षण स्थानिक तरुण-तरुणींना देऊन ते काम त्यांच्याच हाती सोपवावे.

१९४५ साली याच मुलखातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी होऊन पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांनी तेव्हा सावकाराची वही अखेरची मानली नाही. त्यांच्या पणतवंडांच्या शाळेत कोणते यंत्र राहावे आणि कोणते जावे, हे परक्या कंपनीच्या तारीखपत्रकावरून ठरता कामा नये!