पहिला चेंडू स्पेअरचा घ्या

टेनपिन बोलिंगचा नाद मॉलमधल्या एखाद्या रविवारापुरता न राहता ज्याला खरोखर लागतो, तो लवकरच स्वतःचा चेंडू घ्यायला निघतो, आणि बहुतेक वेळा त्याची नजर जाते ती स्ट्राइकच्या, म्हणजे पहिल्याच फेकीत सगळ्या पिना पाडायच्या, चेंडूवर. लेनच्या शेवटी झोकात वळून पिनांच्या घोळक्यात घुसणारा, आत वेड्यावाकड्या आकाराचं वजन बसवलेला, महागडा. स्पेअरचा चेंडू, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उभ्या राहिलेल्या पिना पाडायचा साधा, सरळ जाणारा चेंडू, ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणून मागे पडतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. एकच चेंडू घ्यायचा असेल तर तो स्पेअरचा घ्यावा, आणि तो निवडताना ‘टिकाऊ’ म्हणजे नेमकं काय याचा नीट विचार करावा.

आधी गुणांचा हिशेब मांडू. एका खेळात दहा फ्रेम असतात. समजा एका खेळाडूने पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक पाच फ्रेममध्ये स्ट्राइक मारले आणि उरलेल्या पाचांत प्रत्येकी नऊ पिना पाडून दहावी पिन सोडली. त्याचे गुण होतात १४०. दुसऱ्याला अख्ख्या खेळात एकही स्ट्राइक साधला नाही. दर वेळी नऊ पडल्या, एक राहिली, ती त्याने दुसऱ्या फेकीत टिपली आणि शेवटच्या जादा फेकीतही नऊच पाडल्या. त्याचे होतात १९०. पाच स्ट्राइकवाला पन्नास गुणांनी मागे! स्ट्राइकला टाळ्या पडतात हे खरं, आणि वरच्या पातळीवर सामने स्ट्राइकवरच जिंकले जातात हेही खरं. पण १३०-१४०च्या आसपास घोटाळणाऱ्या हौशी खेळाडूचे गुण गळतात ते बहुतकरून या एकट्यादुकट्या पिनांपाशी.

आता ती एकटी पिन जवळून पाहू. उजव्या हाताने खेळणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती मागच्या रांगेतली उजव्या कोपऱ्यातली, दहा नंबरची. फाउल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर असते आणि ही त्याच्याही मागे सुमारे अडीच फूट. तिचा मध्य गटरच्या कडेपासून जेमतेम पावणेतीन इंच आत येतो. चेंडूचा व्यास साधारण साडेआठ इंच आणि पिनेची जास्तीत जास्त रुंदी पावणेपाच. त्यामुळे चेंडूचा मध्य पिनेच्या डावीकडे साडेसहा इंचांपर्यंत असला तरी चालतं, उजवीकडे मात्र पावणेतीन इंचांपलीकडे गटरच आहे. म्हणजे एकूण नऊ-सव्वानऊ इंचांची फट. फारशी अरुंद नाही, पण तिथपर्यंतची वाट मोठी फसवी. लेनवर तेल असतं, नेहमीच्या लेनवर ते मधल्या फळ्यांवर दाट आणि कडेला विरळ असतं, आणि शेवटचे वीसेक फूट जवळपास कोरडे असतात. डावीकडून तिरका सोडलेला चेंडू दाट तेलावरून घसरत नेमका उजव्या बाजूच्या कोरड्या पट्ट्यात पोचतो. वळणारा चेंडू तिथे पकड घेतो आणि पिनेकडे पाठ फिरवून डावीकडे निघून जातो. ज्या गुणासाठी त्याला जास्त पैसे मोजले, तोच गुण इथे आड येतो.

आता टिकाऊपणाकडे वळू. टिकाऊ चेंडू म्हणजे न फुटणारा चेंडू, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. स्पेअरच्या चेंडूकडून मागायची गोष्ट एकच: आज जसा गेला तसाच पाच वर्षांनीही जावा. चेंडूंच्या पदार्थांचा इतिहास पाहिला तर तो बराचसा पकड वाढवत नेण्याचा आहे. लाकूड गेलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कडक रबर आलं, साठच्या दशकापासून पॉलिएस्टर रुळत गेलं, ऐंशीच्या सुरुवातीला युरेथेन आणि नव्वदच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आलं. या शेवटच्या पदार्थाचं पृष्ठ सच्छिद्र असतं, तळणीतल्या पुरीसारखं ते तेल पितं. म्हणून तो चेंडू प्रत्येक फेकीनंतर पुसावा लागतो, अधूनमधून घासावा लागतो, कोमट पाण्यात ठेवून त्यातलं तेल काढावं लागतं, आणि एवढं करूनही काही काळाने त्याचं वळण मरतं. पॉलिएस्टर तेल जवळपास पीतच नाही. गुळगुळीत राहतं, घसरतं, सरळ जातं. ज्याला बोलर मंडळी ‘प्लॅस्टिक’ म्हणून जरा नाक मुरडतात, ते या कामाला सर्वांत लायक आहे.

अर्थात पॉलिएस्टरही बदलू शकतं, आणि कसं ते १९७३ साली अमेरिकेत दिसलं. डॉन मॅक्यून या व्यावसायिक बोलरने पॉलिएस्टरचे चेंडू एका तीव्र रासायनिक द्रावकात भिजवून मऊ केले. मऊ पृष्ठाने लेन धरली, चेंडू वळू लागला, मॅक्यूनने त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या आणि तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्यानंतर चेंडूच्या किमान कडकपणाची अट आली. अमेरिकी नियमांत ती ड्युरोमीटरच्या मापावर ७२ ठरली. आपल्यापुरतं त्यातून घ्यायचं ते असं, की चेंडूचा सरळपणा त्याच्या कडक, गुळगुळीत सालीत असतो. तेव्हा डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर हाताशी घेऊ नये. बोलिंगच्या चेंडूसाठी मिळणारा साधा क्लीनर आणि कोरडं फडकं पुरतं.

यावर पहिला आक्षेप असा, की कसलेले खेळाडू मनगट सरळ ठेवून, वेग वाढवून स्ट्राइकच्याच चेंडूने स्पेअर मारतात, मग दुसऱ्या चेंडूचा भार कशाला? मारतात, यात वाद नाही. पण तो वर्षानुवर्षांच्या सरावाचा भाग आहे, आणि नवख्याला एकाच वेळी दोन वेगळ्या फेकी शिकवणं म्हणजे दोन्ही कच्च्या ठेवणं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मॉलमधल्या रॅकवरचे चेंडू पॉलिएस्टरचेच तर असतात, मग तेच फुकटात वापरा. पदार्थाच्या दृष्टीने ते ठीकच असतात. अडचण भोकांची. ती कुणाच्याही हातात बसतील अशी पाडलेली असतात, म्हणजे कुणाच्याच हातात नीट बसत नाहीत. अंगठा सैल असला की चेंडू हातातून सुटू नये म्हणून आपण तो आवळतो, आवळला की सुटताना हात फिरतो, आणि मग पदार्थ कितीही सरळ असला तरी दिशा चुकते. स्वतःच्या मापाने भोकं पाडून घेतली की ही खोट निघून जाते. पैसे मोजायचेच तर ते या मापासाठी मोजावेत. पॉलिएस्टरचा चेंडू रिअ‍ॅक्टिव्हच्या तुलनेत बराच स्वस्त पडतो. युरेथेनमध्ये दोन्ही कामं होतात असं सांगणारेही भेटतील, पण कोरड्या लेनवर युरेथेन वळतंच.

निवडताना आतलं वजन साध्या चकतीसारखं असलेला चेंडू मागावा. बाहेरून तो पारदर्शक आहे, आत कवटी दिसते की गुलाब, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. वजन असं असावं की तिसऱ्या खेळातही खांदा खाली न पडता फेकता येईल. पुढे स्ट्राइकचा चेंडू आलाच तर तो याच वजनाचा घ्यावा, म्हणजे हाताची लय मोडत नाही. तडा बहुधा बोटांच्या दोन भोकांमधल्या अरुंद पट्टीवर जातो आणि टवका अंगठ्याच्या भोकाच्या कडेला उडतो, तेव्हा जुना चेंडू घेताना या दोन जागा नखाने चाचपाव्यात. उष्णता आणि तापमानातला एकदम होणारा बदल या सालीला सोसत नाही. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेला चेंडू संध्याकाळी थंडगार एसीत काढला, तर पुढच्या तड्याबद्दल कारखान्याला दोष देता येणार नाही. आणि जुन्या चेंडूला बोटांचं नसलेलं एखादं जादा भोक दिसलं, तर ते समतोलासाठी पाडलेलं असतं. अमेरिकी नियमांनुसार १ ऑगस्ट २०२० पासून असं भोक चालत नाही. स्पर्धा खेळायचा विचार असेल, तर ते बुजवून घेण्याचा खर्च धरूनच भाव करावा.