दराऱ्याचे प्रेम आणि भाकरीचा प्रश्न

इंग्रजी प्रकाशन-व्यवसायात ‘रोमँटिक सस्पेन्स’ या नावाने ओळखला जाणारा कादंबऱ्यांचा एक प्रकार आहे. पुण्या-मुंबईच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून या जातीची पुस्तके एकेकाळी पाने सुटेपर्यंत फिरत असत. आता ती मोबाइल फोनच्या पडद्यावर वाचली जातात. त्यातील एक कथानक फार लोकप्रिय आहे. एक एकटी माता असते. तिला लहान मूल असते, नोकरी असते आणि कोणाचे मिंधे नसल्याचा अभिमान असतो. तिच्या जिवावर कोणी तरी उठलेला असतो. मग एक पुरुष येतो. तो धनाढ्य असतो, कमी बोलतो, आणि हुकूम सोडणे हाच त्याचा संभाषणाचा प्रकार असतो. तो तिला न विचारता तिच्या दाराचे कुलूप बदलतो, तिच्या पाळतीवर माणसे ठेवतो आणि अखेरीस तिच्याच सुरक्षिततेचे कारण सांगून तिला मुलासह आपल्या हवेलीत आणून ठेवतो. ती चार प्रकरणे विरोध करते. पाचव्यात खरोखरच गोळी सुटते, आणि त्याचेच बरोबर होते असे ठरते. पुढे विवाह.

या पुस्तकांचे समर्थक असा दावा करतात की, आजची नायिका पूर्वीसारखी अबला राहिलेली नाही. ती कमावती आहे, स्वतंत्र आहे, आणि जिला काल समाज नाक मुरडत होता त्या एकट्या मातेला येथे नायिकापद मिळाले आहे. वरवर पाहता हा दावा खोटा नाही. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला जातो ते तपासले पाहिजे. या नायिकेचे स्वातंत्र्य हा तिचा स्वभाव असतो, तिची आर्थिक स्थिती नसते. ती मानी आहे, फटकळ आहे, हनुवटी वर करून बोलते. परंतु तिचा पगार किती, त्यातले घरभाड्यात किती जाते, ती कामावर असताना मूल कोणाजवळ असते, या प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. आणि मिळालीच तर ती तिची अडचण दाखवण्यापुरती, दुसऱ्या प्रकरणापर्यंत. जे स्वातंत्र्य केवळ स्वभावात असते ते शेवटच्या प्रकरणात सोडून देताना काहीच गमवावे लागत नाही. मिळकत, घर आणि कायदा यांवर उभे असलेले स्वातंत्र्य इतक्या सहजासहजी सुटत नाही. म्हणूनच ते या कादंबऱ्यांत येऊ दिले जात नाही.

भयाची योजनाही अशीच हेतुपूर्वक केलेली असते. खलनायक पाळत ठेवतो आणि नायकही पाळत ठेवतो. खलनायक तिला कोंडू पाहतो आणि नायकही तिला बाहेर जाऊ देत नाही. कृती तीच. फरक एवढाच की, एकाच्या मनात द्वेष असल्याचे आणि दुसऱ्याच्या मनात प्रेम असल्याचे लेखक आपल्याला सांगतो. खून करायला टपलेला माणूस कथेतून वजा केला, तर उरलेल्या वर्तनाला कोणते नाव द्यावे लागेल? इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जोडीदारावर असे सततचे नियंत्रण ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक आणि आर्थिक छळाचा समावेश हिंसेच्या व्याख्येत केला. न्यायालयात जे गुन्ह्याचा पुरावा म्हणून दाखल होते, ते पुस्तकाच्या दुकानात प्रेमाचा पुरावा म्हणून विकले जाते. आणि पोलीस? ते या कथांत नेहमी उशिरा पोहोचतात. ते वेळेवर आले तर नायकाला कामच उरणार नाही.

हा माल तयार करणारा व्यवसाय लहानसहान नाही. १९४९ साली कॅनडातील विनिपेग येथे निघालेल्या हार्लेक्विन कंपनीने १९७१ साली लंडनची मिल्स अँड बून ही जुनी संस्था विकत घेतली. १९८४ साली प्रेम आणि रहस्य एकत्र बांधणारी ‘इंट्रीग’ ही स्वतंत्र माला सुरू केली. आणि २०१४ साली ती स्वतःच साडेपंचेचाळीस कोटी कॅनेडियन डॉलरांना रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्प या वृत्तपत्रसाम्राज्यात विलीन झाली. मक्तेदारी अशा पायऱ्यांनी वर चढते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. आता एवढा मोठा कारखाना एका विशिष्ट पुरुषाचा साचा वर्षानुवर्षे का वापरतो? स्त्रियांना तसाच पुरुष आवडतो, हे त्याचे उत्तर नेहमी दिले जाते. पण स्त्रियांनी लिहिलेल्या साहित्यात दुसरा साचाही होता, आणि तो याच पुरुषाच्या पणजोबाच्या घरात जन्मला होता.

यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गावी एका पाद्र्याच्या घरात राहणाऱ्या शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ १८४७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील रॉचेस्टर हा आजच्या सर्व दरारेबाज नायकांचा मूळपुरुष होय. पुढच्याच वर्षी, १८४८ साली, धाकट्या ॲनची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ आली. आजच्या कादंबऱ्या जेथे संपतात तेथे ॲनची कादंबरी सुरू होते. हेलन ही तरुणी एका देखण्या, बेलगाम, श्रीमंत पुरुषाशी लग्न करते, कारण आपल्या प्रेमाने तो सुधारेल अशी तिची खात्री असते. तो सुधारत नाही. पाच-सहा वर्षांत तो मद्य, बाहेरख्यालीपणा आणि क्रौर्य यांत अधिकच बुडतो, आणि स्वतःच्या चिमुरड्या मुलाला दारू व शिव्या शिकवू लागतो. तेव्हा हेलन चित्रे विकून पोट भरण्याचा बेत गुप्तपणे आखते. नवरा तिची रोजनिशी वाचतो, किल्ल्या काढून घेतो, आणि तिचे रंग, कुंचले, फळ्या आगीत टाकतो.

या एका प्रसंगात ॲनला जे दिसले ते पुढच्या पावणेदोनशे वर्षांतील हजारो लेखकांना दिसू नये, याला योगायोग म्हणता येत नाही. नवरा तिला मारत नाही. तो तिची उत्पादनाची साधने जाळतो. नंतर ती दुसऱ्या प्रयत्नात मुलाला घेऊन निसटते, पडक्या वाइल्डफेल हॉलमध्ये विधवेच्या वेषात खोट्या नावाने राहते, आणि लंडनला पाठवायच्या चित्रावर त्या घराचेही नाव बदलून लिहिते, म्हणजे माग लागू नये. ही खरी रहस्यकथा. येथे भय कोणा मुखवटा घातलेल्या मारेकऱ्याचे नसून कायद्याचे आहे. कथानकाचा काळ १८२० नंतरच्या दशकाचा. तेव्हा इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची कमाई नवऱ्याची होती आणि मुलेही नवऱ्याची होती. सात वर्षांखालील मुलाच्या ताब्यासाठी मातेला अर्ज करण्याची सोय १८३९ साली झाली, स्वतःच्या मजुरीवर विवाहितेचा हक्क १८७० साली मान्य झाला, आणि मालमत्तेवरील पूर्ण हक्क १८८२ साली. म्हणजे हेलनने पोटासाठी विकलेले प्रत्येक चित्र कायद्याने हंटिंग्डनच्या मालकीचे होते.

शेवटही पाहण्यासारखा आहे. हेलनवर प्रेम करणारा गिल्बर्ट हा साधा शेतकरी आहे (तोही मत्सराच्या भरात एका निरपराध माणसाला चाबकाच्या मुठीने झोडपतो, ॲनने आपल्या नायकालाही मोकळे सोडलेले नाही). नवऱ्याच्या मृत्यूनंतर हेलनला काकांची इस्टेट मिळते, तेव्हा संकोच गिल्बर्टला वाटतो आणि पुढाकार हेलन घेते. शार्लटलाही पैशाचे भान नव्हते असे नाही. जेन रॉचेस्टरकडे परतते ती वारशाचे पाच हजार पौंड स्वतःच्या नावावर झाल्यानंतरच. पुढच्या व्यवसायाने रॉचेस्टरचा दरारा तेवढा उचलला आणि जेनचे पाच हजार पौंड मागे टाकले. ॲन १८४९ साली, एकोणतिसाव्या वर्षी वारली. पुढच्या वर्षी तिच्या कादंबरीच्या पुनर्मुद्रणाचा प्रश्न आला तेव्हा, ही कृती जपून ठेवण्याजोगी नाही असे मत खुद्द शार्लटनेच दिले. बाजारात कोणता नायक उरला, याला एवढाही इतिहास आहे.

हेलन कल्पित होती. परंतु त्याच काळाच्या शेवटी आपल्याकडे पंडिता रमाबाई होत्या. १८८२ साली पती वारले तेव्हा कन्या मनोरमा तान्ही होती. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ साली मुलीसह इंग्लंडला गेल्या. बोटीचे भाडे कोणा रक्षणकर्त्याने भरले नाही.

कोणी म्हणेल की, या करमणुकीच्या पुस्तकांवर एवढी शाई कशाला खर्च करावी? कारण ज्या समजुतीवर ही पुस्तके उभी आहेत त्याच समजुतीवर सरकारेही चालतात. अमेरिकेतील अलाबामा राज्याचे उदाहरण घ्यावे. तेथे १९६४ साली असा नियम लागू झाला की, गरीब मातेचा एखाद्या धडधाकट पुरुषाशी संबंध असेल तर तो पुरुष तिच्या मुलांचा ‘पर्यायी पिता’ समजावा आणि मुलांची सरकारी मदत बंद करावी. तो पुरुष मुलांना एक कपर्दिकही देतो की नाही, हे पाहण्याची गरज नव्हती. जानेवारी १९६७ पर्यंत मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६ हजारांनी घटली. ज्या मातेने या नियमाला आव्हान दिले ती विधवा होती, तिला चार मुले होती, आणि पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत खाणावळीत राबून तिला आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळत. तिच्याकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाला स्वतःची बायको व नऊ मुले होती. ‘किंग विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम एकमताने रद्द केला.

कादंबरीतील नायक आणि अलाबामाचा पर्यायी पिता ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत: बाई आहे तेथे पुरुष असणारच, आणि पुरुष आहे तेथे समाजाची जबाबदारी संपली. हा विचार १९६८ साली संपलाही नाही. १९९६ साली अमेरिकेने १९३५ पासून चालत आलेली एकट्या मातांच्या मुलांची हक्काची मदत मोडीत काढली, केंद्रीय निधीतून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरासाठी साठ महिन्यांची मर्यादा घातली, आणि विवाहास उत्तेजन देणे हे त्या नव्या कायद्याचे जाहीर उद्दिष्ट ठरवले. दुसऱ्या शब्दांत, सरकारने तिला शेवटचे प्रकरण वाचून दाखवले.

आपल्याकडे चित्र फार निराळे आहे असे समजू नये. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून पित्याला पहिले आणि ‘त्याच्यानंतर’ मातेला स्थान दिले. मातेच्या सहीने मुलाच्या नावावर रोखे घेण्यास रिझर्व्ह बँकेने हरकत घेतल्यावरून गीता हरिहरन यांचा खटला उभा राहिला, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ नव्हे, तर ‘अनुपस्थितीत’ असा अर्थ लावला. कलमातले शब्द तसेच राहिले. २०१५ साली एका अविवाहित मातेला आपल्या बचतीवर मुलाचे नाव वारस म्हणून लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, कारण खालच्या न्यायालयांना आधी पित्याचे नाव हवे होते. ही स्त्री सुशिक्षित होती आणि चांगली कमावती होती. तिची ही गत, तर शेतमजूर परित्यक्तेची काय असेल? महाराष्ट्र सरकारने २०२४ साली स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्याची योजना आणली. विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता यांनाही तिच्यात घेतले. पैसे बाईच्या खात्यात गेले, हे चांगलेच झाले. पण योजनेचे नाव ‘लाडकी बहीण’ ठेवण्यात आले, म्हणजे नागरिकाच्या हक्काची ओवाळणी झाली. आणि ओवाळणी किती घालायची व केव्हा थांबवायची, हे भाऊ ठरवतो.

पुरोगामी मंडळींची या पुस्तकांविषयीची प्रतिक्रिया मात्र फारशी अभिमानास्पद नाही. ते हसतात. वाचणारीला अडाणी समजतात. जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वाचक स्त्रियांनाच विचारून पाहिले. बहुतेक जणी संसारी, मुलेबाळे असलेल्या होत्या. हातात पुस्तक आहे तोवर घरातले कोणी हाक मारत नाही, तेवढा वेळ आपला असतो, हे त्यांच्या वाचनाचे मोठे कारण होते; आणि क्रूर, बलात्कारी नायक त्यांना मुळीच आवडत नव्हते. दिवसभर सर्वांची काळजी घेणाऱ्या बाईला, कोणी तरी एकदा आपली काळजी घ्यावी असे वाटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? तिची भूक खरी आहे. तिच्यापुढे वाढले जाणारे अन्न तपासायचे असेल तर दुसरे ताट वाढण्याची तयारी हवी. पाळणाघराची मागणी कामगार चळवळीच्या प्रत्येक सनदेत असते, पण वाटाघाटीत पहिल्यांदा सुटते तीच. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पाळणाघर सक्तीचे झाले ते पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत. घरकाम, शेतमजुरी, कचरावेचणी करणाऱ्या बाईचा त्यात प्रश्नच आला नाही, आणि त्याविरुद्ध मोर्चे निघाल्याचेही फारसे दिसले नाही.

तालुक्याच्या बैठका सायंकाळी सातला बोलावल्या जातात आणि साडेसातला सुरू होतात. मुलांना कोठे ठेवावे याची ओळ निमंत्रणपत्रावर नसते. जिच्या घरी मूल सांभाळायला दुसरे कोणी नाही अशी कार्यकर्ती बहुधा येतच नाही. आलीच तर झोपलेले पोर खांद्यावर टाकून शेवटच्या एस.टी.साठी मधूनच उठते. ठराव त्यानंतर वाचले जातात. स्त्रियांविषयीचा ठराव बहुतेक वेळा सर्वांत शेवटी असतो.