शिक्षकाचे उद्दिष्ट आणि मुलाची संध्याकाळ

जून महिना आला की शाळाशाळांतून वार्षिक नियोजनाच्या वह्या उघडल्या जातात. कोणता घटक कोणत्या महिन्यात संपवावयाचा, चाचणी केव्हा घ्यावयाची, यांचे तक्ते तयार होतात. मुख्याध्यापकांची सही होते, केंद्रप्रमुख येऊन ते पाहून जातात आणि वही कपाटात विसावते. या वहीत सर्व काही असते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो विद्यार्थी मात्र बहुधा नसतो. शिक्षकाने वर्षारंभी कोणते उद्दिष्ट ठरवावे आणि ते कसे गाठावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कागदोपत्री पूर्ततेचा नाही.

या संदर्भात मुकुंदवाडीचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, या शहराच्या पूर्वेला रेल्वेमार्गालगत वसलेली ही कष्टकऱ्यांची वस्ती. २०१९ साली दुष्काळाने मराठवाडा होरपळत असताना येथील काही गरीब घरांतील नऊ-दहा वर्षांची मुले शाळा सुटल्यावर आगगाडीने पाणी आणावयास जात असल्याचे वृत्त देशविदेशांतील वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरचा तो प्रवास. गाडी उशिरा आली तर थांबावयाचे, गर्दीतून वाट काढावयाची आणि भरलेली भांडी सांभाळत परतावयाचे. ज्या वेळी इतर मुले खेळावयास किंवा अभ्यासास बसत, ती संध्याकाळ या मुलांच्या वाट्याला नव्हती.

अशा मुलाच्या शिक्षकाने कोणते उद्दिष्ट ठेवावे? दोन उत्तरे सहज सुचतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले, ‘सर्व मुलांचा गृहपाठ शंभर टक्के पूर्ण’ हे. ते ऐकावयास भारदस्त वाटते. प्रत्यक्षात मात्र ज्याची संध्याकाळ मोकळी आहे तो त्यात पुढे जातो आणि ज्याची नाही तो रोज छडी नव्हे, तरी बोलणी खातो. दुसरे उत्तर याहून सौम्य, पण अधिक घातक आहे. ‘पोर बिचारे कष्टाचे, जेमतेम अक्षरओळख झाली तरी पुरे’, असे म्हणून उद्दिष्टच लहान करावयाचे. ही दया नव्हे. हा मुलाच्या हक्काचा संकोच आहे. उद्दिष्ट सर्वांसाठी एकच असले पाहिजे. बदलावयाची असते ती तेथवर पोहोचण्याची वाट.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यांपैकी एक. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून गरजेनुसार जादा मार्गदर्शन करणे हे दुसरे. व्यवहारात पहिल्याचा हिशेब काटेकोरपणे मागितला जातो, दुसऱ्याचा क्वचित. परिणामी ‘पोर्शन संपला’ हेच उद्दिष्ट बनते, आणि पोर्शन संपतो तेव्हा वर्गातील काही मुले पहिल्याच धड्यावर राहिलेली असतात.

मग व्यवहार्य उद्दिष्ट कसे असते? केंद्र शासनाने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, अशी अपेक्षा धरलेली आहे. दिल्लीत ठरलेला हा आकडा वर्गात आणावयाचा तर त्याचे गणित शिक्षकालाच मांडावे लागते. प्राथमिक वर्गांसाठी कायद्याचे प्रमाण ३० मुलांमागे एक शिक्षक असे आहे. एका मुलाचे वाचन ऐकून दोन प्रश्न विचारण्यास तीन मिनिटे धरली, तर रोज सहा मुलांप्रमाणे पाच दिवसांत सारा वर्ग होतो, आणि त्यासाठी दिवसाला १८ मिनिटे पुरतात. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, असेही कायदा सांगतो. त्यातील रोजचा अर्धा तास शाळेतच वाचनाच्या सरावाला दिला, तर वर्षाचे १०० तास होतात. घरी संध्याकाळ नसलेल्या मुलाला शाळा एवढे निश्चितपणे देऊ शकते. दर महिन्याला ही पडताळणी करून दिवाळीच्या सुटीपूर्वी कोणाची प्रगती खुंटली आहे हे पाहिले, तर उरलेल्या सत्राचे नियोजन आपोआप खरे होते.

मुलाचा दिवस पाहून वाट बदलण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसले तेव्हा त्यांनी पालकांना दोष देत बसण्याऐवजी कुरणशाळा काढली. गुरे चरत तेथेच शाळा भरू लागली. मूल शिकले पाहिजे हे उद्दिष्ट कायम राहिले, जागा आणि वेळ मात्र बदलली.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे सत्ताविसावे कलम सांगते. तथापि माहिती भरण्याच्या कामातच शिक्षकाचा कितीतरी वेळ जातो. पण वेळ तुटपुंजा आहे म्हणूनच उद्दिष्टे थोडी हवीत. दहा उद्दिष्टे वहीत लिहिण्यापेक्षा दोन पुरी करणे श्रेयस्कर. अधिकाऱ्यांनीही केवळ टक्केवारी मागणे थांबवावे. टक्केवारी मागितली की टक्केवारीच मिळते. कोणते मूल अडले आहे आणि त्यासाठी काय केले, असे विचारले तरच शिक्षक त्या मुलाकडे वळेल.

मुलांना पाण्यासाठी आगगाडीत चढावे लागू नये, ही जबाबदारी अर्थातच महापालिकेची आणि शासनाची आहे. ती शिक्षकाच्या खांद्यावर टाकून कोणालाही मोकळे होता येणार नाही. परंतु नळाला पाणी येईपर्यंत तिसरीतले मूल तिसरीत थांबत नाही. त्याचे ते वर्ष परत येत नसते. यास्तव नियोजनाच्या वहीचे पहिले पान घटकांच्या यादीचे नसावे; वर्गातील प्रत्येक मूल शाळा सुटल्यावर काय करते, याची नोंद त्यावर असावी. पुढची उद्दिष्टे त्या नोंदीवरून ठरली, तरच ती गाठता येतील.