सुजलेला हात आणि रोजचं घरकाम

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढचे औषधोपचारही संपले, की घरचे सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग वर्षा-दोन वर्षांनी त्याच बाजूच्या बांगड्या चढेनाशा होतात. ब्लाउजची बाही दंडात रुतते, हात जड वाटतो. आमच्या वन्संना असंच झालं आणि चार महिने त्यांनी तो हात पदराखाली झाकला. का, तर कुणी 'हत्तीरोग' म्हणेल म्हणून!

शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. (शाळेत मी रक्ताभिसरण शिकवते, पण या बिचाऱ्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते.) त्यांच्या गाठी काखेत असतात. त्या काढल्या किंवा तिथं किरणोपचार झाले, की वाट अरुंद होते आणि द्रव हातात साचू शकतो. डॉक्टर याला लिम्फिडिमा म्हणतात. हत्तीरोगात याच वाहिन्या डासांमार्फत आलेल्या कृमींमुळे बिघडतात; इथं डासाचा संबंध नाही, आणि ही सूज कुणाला लागतही नाही. मात्र दिसताच डॉक्टरांना दाखवावी. जुनी झाली, की ती हटता हटत नाही.

हात जपायचा म्हणजे तो मांडीवर ठेवून बसायचं, असं नव्हे. पूर्वी 'काही उचलू नका' असंच सांगत. पण २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या बायकांची सूज वाढली नाही, असं दिसलं. तेव्हा पोळ्या लाटा, केस विंचरा, दोरीवर कपडे वाळत घाला. पाण्याची भरलेली बादली मात्र एकदम उचलू नका. थोड्यापासून सुरुवात करा.

खरी काळजी कातडीची. विळीवर बसताना, तळताना, कुकरची वाफ सोडताना जपा. भांडी घासताना रबरी मोजे घाला. चिरलं तर लगेच साबणानं धुऊन जंतुनाशक लावा. शेक नको, आणि मालिशवालीकडून रगडून घेणं तर मुळीच नको. हलका मसाज फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावा.

दाबाची बाही मापानं घ्यावी, शेजारणीची मागून घालू नये. सकाळी सूज कमी असते तेव्हा चढवावी. बोटं बधिर झाली तर माप चुकलंय असं समजा. तेल-क्रीम रात्री लावावं. त्यानं बाहीची ताण जाते. दोन असल्या तर एक धुऊन सावलीत वाळवता येते.

आणि हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर! गौरीजेवणाच्या दिवशी वन्संना हुडहुडी भरली. "पाहुणे जेवून जाऊ देत," म्हणत त्या रात्रीपर्यंत वाढत राहिल्या. पुढं पाच दिवस दवाखान्यात सलाइनमधून औषधं घ्यावी लागली. पाहुण्यांना वाढायला घरात चार हात होते हो!

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, कोपराच्या वर आणि खाली दहा-दहा सेंटिमीटरवर दोन्ही हातांची मापं घ्यावीत. वन्संच्या घरी ती कॅलेंडरच्या मागं, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेली असतात. टेप धरण्याचं काम त्यांच्या नातीकडं आहे, आणि ती अर्धा सेंटिमीटरही सोडत नाही.