फुकट मिळालं म्हणून आपलं झालं का?



नाताळासाठी आम्ही एक गीतपुस्तिका केली. गायनमंडळातल्या मुलांनी मोबाइलवर सापडतील तिथून गीतं उतरवून घेतली, मी शुद्धलेखन तपासलं आणि पीडीएफ करून सगळ्या गटांवर पाठवून दिली. संकेश्वर, चिकोडीपर्यंत गेली. आठवड्याभरात एका गीतकाराचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, “सर, गाणं गायलात, आनंद वाटला. पण माझं नाव कुठाय? आणि दुसऱ्या कडव्यातला शब्द कुणी बदलला?” शब्द मुलांनी चालीसाठी बदलला होता. कवीचं नाव लिहिलं नाही म्हणून जन्मभर पोरांचे गुण कापणाऱ्या मला उत्तर सुचेना.

आमचा समज साधा होता: पैसे न देता वाचायला मिळतं, म्हणजे ते सर्वांचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं कुठंही नाही. लिहिलं की हक्क आपोआप येतो, नोंदणी नको, ‘सर्व हक्क राखीव’ हे शब्दही नकोत. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं तो राहतो. मिस्सेत गायला अडचण नाही. खऱ्या धर्मविधीत गीत सादर करायची मोकळीक कलम ५२ देतं. तेच गीत पुस्तिकेत छापणं किंवा इंटरनेटवर चढवणं मात्र वेगळं. आणि हक्क विकून टाकले तरी नाव लावून घेण्याचा अधिकार लेखकाकडंच राहतो, हे कलम ५७ सांगतं. फोनवरच्या त्या गृहस्थांनी कायदा काढला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

आपल्याकडं मोकळं साहित्य थोडं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, पंडिता रमाबाई १९२२ साली, लक्ष्मीबाई १९३६ साली. त्यांचं लेखन खुशाल छापा, पाठवा. फक्त नाव लावा. उलट फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली गेले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’वरचा हक्क २०८४ साल संपेपर्यंत आहे. त्याची पानंच्या पानं फोटो काढून पाठवताना ‘सुवार्ता तर सर्वांसाठी आहे’ असं म्हणून चालायचं नाही. सुवार्ता सर्वांची खरी, पण भाषांतरामागची वर्षं एका माणसाची.

‘ख्रिस्तपुराणा’त तर दोन्ही एकाच जिल्दीत येतात. फादर स्टीफन्सांचं १६१६ चं काव्य आज कुणाच्याच मालकीचं नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही मोकळी झाली. पण अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, भाषांतर हे त्या अभ्यासकाचे कष्ट. ओव्या घ्या, टिपा उचलू नका.

आमच्यातले काही जण म्हणतात, सर, इतकं बघत बसलो तर सीमाभागात मराठी प्रार्थना उरणार नाही. यात तथ्य आहे. इकडं मराठी प्रार्थनापुस्तक हवं तर कोल्हापूर-पुण्याकडं कुणी जाणारा गाठावा लागतो; मुलांच्या हातात येते ती फोनवरचीच मराठी. म्हणून थोडा दोष मी आपल्या प्रकाशनांनाही देतो. मजकूर सर्वांसाठी खुला ठेवता, मग खाली एक ओळ लिहा: नावासह पुनर्मुद्रणास परवानगी, किंवा परवानगी नाही. आम्हाला अंदाज बांधायला लावू नका. जिथं काहीच लिहिलेलं नाही, तिथं आम्हीही मजकूर उचलण्याऐवजी नुसती लिंक पाठवावी, नाहीतर विचारावं. विचारायला किती वेळ लागतो? त्या गीतकारांनी फोन ठेवण्याआधीच परवानगी दिली. अट दोनच, नाव घाला आणि शब्द पूर्ववत करा.

पुस्तिका आता दुरुस्त केली आहे. जुनी पीडीएफ मात्र कुठं कुठं फिरतेय, ती परत घेता येत नाही. तीन गीतांचे कवी अजून सापडले नाहीत, म्हणून ती तूर्त बाजूला ठेवली आहेत. बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या गायनमंडळींपैकी कुणाकडं हस्तलिखित वह्या असतील तर या पानावर कळवावं, मी येऊन बघेन.

– एक निवृत्त शिक्षक, निपाणी