थंडाव्याची मालकी कोणाची?

तासगावचा बेदाणा शीतगृहात राहिला, तरच त्याचा रंग टिकतो आणि शेतकऱ्याला भावासाठी थांबता येते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला तर थंडाव्यावाचून एखाद-दुसऱ्या दिवसाचेच आयुष्य. थंडावा ही चैन राहिली नसून उत्पादनाचे साधन झाली आहे. म्हणूनच प्रश्न विचारला पाहिजे : हे साधन कोणाच्या हाती?

शीतयंत्रात फिरणाऱ्या वायूचा इतिहास बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांसवाहू जहाजांवर कार्बन डायऑक्साइडची यंत्रे चालत. १९३० नंतर पेटंटधारी कंपन्यांचे कृत्रिम वायू आले. त्यांनी ओझोनचे कवच विरळ केले. म्हणून १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. त्यांच्या जागी आलेला आर-४०४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट तापमानवाढ घडवितो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला अशा वायूंचा वापर २०२८ पासून गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे. म्हणजे पुन्हा नवा वायू, नवे पेटंट, नवी खरेदी. आणि भुर्दंड शेवटी शेतकऱ्याच्या माथी.

कार्बन डायऑक्साइडवर कोणाचेही पेटंट नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबताना एक किलो अल्कोहोलमागे जवळजवळ तितकाच हा वायू निघतो. शीतयंत्रांना त्यातला अल्पांशच, शुद्ध करून, पुरेल. मोठ्या शीतगृहांत अमोनिया चालतो हे खरे; पण तो विषारी असल्याने भरवस्तीतील लहान केंद्रांना सोयीचा नाही.

अडचणी मात्र झाकून ठेवू नयेत. ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात यंत्रातील दाब वातावरणाच्या शंभरपटीच्या घरात जातो, वीज अधिक लागते, यंत्रही महाग पडते. बंद खोलीत गळती झाल्यास गुदमरण्याचा धोका असतो. परंतु हेच यंत्र बाहेर टाकीत असलेल्या उष्णतेवर पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापविता येते. दूध चार अंशांवर आणावयाचे आणि कॅन धुण्यास कढत पाणी हवे, अशी दुहेरी गरज असलेल्या दूध संघाला याहून सोयीचे काय?

म्हणून पहिला प्रयोग सातारा-सांगलीच्या एखाद्या सहकारी दूध संघात व्हावा. यंत्राचा जादा भांडवली खर्च शासनाने उचलावा आणि दुरुस्तीचे शिक्षण स्थानिक आयटीआयमध्ये द्यावे. शीतगृहांच्या अनुदानाचा पैसा जनतेचा आहे. तो पेटंटाच्या पुढच्या पिढीवर उधळावयाचा की कृष्णाकाठच्या कारागिराच्या हाती विद्या देण्यासाठी वापरावयाचा, हे कार्यकर्त्यांनी प्रत्येक वार्षिक सभेत उभे राहून विचारले पाहिजे.